पोस्टमास्तरांच्या वाट्याला आलेला इतिहास

माझे आजोबा १९५१ ते १९९२ या काळात दक्षिण रत्नागिरीतल्या, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, एका लहान गावचे शाखा पोस्टमास्तर होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आर्थिक उदारीकरणापर्यंतचा काळ त्यांनी एकाच ओसरीवर, एकाच लाकडी पेटीसमोर बसून काढला. पाठ्यपुस्तकात ज्या घटनांना स्वतंत्र प्रकरण मिळते त्यांपैकी कित्येक त्यांच्या उंबऱ्याबाहेरून निघून गेल्या, आणि ज्यांना तिथे तळटीपही मिळत नाही अशा काही गोष्टींनी त्यांची झोप उडवली. सामान्य माणसाला ‘इतिहासाचा साक्षीदार’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे; मला ती फारशी पटत नाही. साक्षीदाराला निदान घटना दिसलेली असते. आजोबांपर्यंत इतिहास येई तो खात्याचे परिपत्रक, नाण्याचा नवा आकार, तिकिटावरचा छाप किंवा न आलेली मनीऑर्डर होऊन, आणि येताच तो कामाचा भाग होऊन जाई.

त्यांचे काम नीट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शाखा डाकघर म्हणजे सरकारी इमारत नव्हे. ते पोस्टमास्तराच्याच घरात असे; जागा त्याची, मेज त्याचे, संध्याकाळी लागणारा कंदीलही त्याचाच. खात्याकडून येई तो तारखेचा शिक्का, वजनाचा काटा, वह्या, लाख आणि थैल्या. हे पद ‘खात्याबाहेरचे’ म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल समजले जाई, लोक नुसते ‘ईडी’ म्हणत. दिवसातले काही तास काम, त्याचा अल्प भत्ता, आणि पोट भरण्यासाठी वेगळे उत्पन्न असले पाहिजे ही अपेक्षा. निवृत्तिवेतन नव्हते. आजोबा सातवी पास होते, अक्षर वळणदार होते आणि थोडी शेती कसत होते, एवढ्या भांडवलावर त्यांना ही नेमणूक मिळाली. गावाने मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात ‘मास्तर’ केले आणि पुढे आजीसुद्धा चारचौघांत त्यांचा उल्लेख त्याच नावाने करू लागली.

डाकघराचा खरा जीव मनीऑर्डरीत होता. कोकणातल्या घरांतला एक तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत असे, आणि गाव चाले तो त्याच्या पगारावर. भातशेतीतून वर्षाचे धान्य निघाले तर निघाले. मीठमिरची, कापड, फी, औषध आणि सावकाराचे व्याज यांसाठी लागणारी रोकड परळ, लालबाग, चिंचपोकळीहून येई. पगार झाल्यावर चार-सहा दिवसांनी ओसरीवर बायकांची ये-जा सुरू होई. कुणी नुसते हटकून जाई, “मास्तरांनू, मनीआर्डर इली काय?” नाही म्हटले की ती ‘नाही’ पोस्टमास्तराचीच असल्यासारखी कपाळाला आठी घालून परत जाई. पैसे देताना अंगठा घ्यायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, नोटा दोनदा मोजायच्या आणि मग फॉर्मच्या खालच्या कुपनावर लिहिलेला दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवायचा. त्या दोन ओळींत नवरा, मुलगा किंवा दीर जे काही सांगू पाही ते वाचताना आजोबा कधी आवाज खाली आणत, कधी एखादा शब्द गाळत असत, असे आजी सांगायची. नियमात हे बसत नव्हते, पण गावाचा त्यांच्यावरचा विश्वास बहुधा या गाळलेल्या शब्दांमुळेच होता.

१ एप्रिल १९५७ ही तारीख मी मुद्दाम सविस्तर घेतो. त्या दिवशी देशात दशमान नाणेपद्धती आली. सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पयांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तिकिटेही त्याच दिवशी बदलली. भारताच्या नकाशाचे चित्र असलेली, नव्या पैशांत किंमत छापलेली तिकिटे आली. जुनी नाणी लगेच रद्द झाली नव्हती, त्यामुळे काही वर्षे दोन्ही चलने एकाच मुठीत नांदली, आणि खरा घोळ तिथे होता. रुपया, अधेली आणि पावली यांचे रूपांतर सरळ होते: शंभर, पन्नास, पंचवीस. पण आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव पैशाचे नाणे कुठे असते? सरकारी कोष्टकानुसार आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे चार वेळा एकेक आणा दिला तर २४ नवे पैसे पदरात पडत आणि एकदम पावली दिली तर २५. हा एक पैसा गेला कुठे, असे विचारणाऱ्या माणसाला आजोबा कोष्टक दाखवीत. तो कोष्टकाकडे न पाहता त्यांच्याकडे पाही. सरकारने गणित सोपे करण्यासाठी केलेला बदल खेड्यातल्या माणसाला सुरुवातीला उघड लबाडी वाटला, आणि त्या लबाडीचा चेहरा पोस्टमास्तराचा होता. आजोबा म्हातारपणीसुद्धा त्या वर्षाबद्दल बोलताना वैतागत. पोस्टाच्या पेटीत दोन प्रकारची नाणी, दोन प्रकारची तिकिटे, आणि संध्याकाळी हिशेब मात्र एकच जुळायला हवा.

आता त्याच तारखेची दुसरी बाजू. १९४८च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हाच ‘कृषक दिन’ ठरला होता. त्या दिवशी कायद्याच्या अटींत बसणारे, स्वतः जमीन कसणारे कूळ त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. आजोबा कूळ होते. म्हणजे ज्या सकाळी ते नकाशाच्या तिकिटांचे ताव मोजत होते आणि आण्याचे सहा की सात यावर वाद घालत होते, त्याच सकाळी कायद्याच्या दृष्टीने ते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची म्हणून कसलेल्या जमिनीचे मालक होण्याच्या वाटेला लागले होते. आमच्या घराच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना त्या दिवशी घडली, असे आज सातबारा समोर ठेवून मी सहज म्हणू शकतो. आजोबांच्या बोलण्यात मात्र १ एप्रिल १९५७ हा कायम नव्या पैशाचाच दिवस राहिला. कृषक दिन असा काही शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही.

याचा अर्थ त्यांना जमिनीचे मोल नव्हते असा नाही. कायद्यातला दिवस आणि माणसाच्या आयुष्यातला दिवस एक नसतो, एवढेच. कायद्याने कूळ एका क्षणात मालक ठरले, पण प्रत्यक्षात त्यापुढे कायद्याच्या ‘३२ ग’ कलमाखालची चौकशी होती. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे जबाब व्हायचा, जमिनीच्या शेतसाऱ्याच्या पटीत किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची, आणि सगळे फेडल्यावर ‘३२ म’चे प्रमाणपत्र मिळायचे. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर खरेदीच पुढे ढकलली जाई. आजोबांच्या कसणुकीतला एक तुकडा अशाच एका विधवा मालकिणीचा होता. ती बाई नात्याने कुणी नव्हती, तरी आजोबा तिला ‘काकी’ म्हणत, तिची पत्रे लिहून देत आणि मुंबईच्या मुलाकडून येणारी तिची मनीऑर्डर तिच्या हातात देत. कायद्याने हे दोघे वादी-प्रतिवादी होते. तालुक्याला तारखेसाठी जाताना दोघे एकाच एसटीने जात, आणि तिकीट कधी हे काढीत, कधी ती. जमीन सुधारणांवरच्या लेखनात जमीनदार आणि कूळ असे दोन ठळक पक्ष भेटतात. कोकणात खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, सत्ता किती जाचक होती हे मला ठाऊक आहे आणि कायदा व्हायलाच हवा होता याबद्दल मनात शंका नाही. पण दोन-चार गुंठ्यांवर जगणारी विधवाही कायद्याच्या भाषेत ‘जमीनमालक’च होती, आणि आजोबांना त्या खटल्यात जिंकल्याचा आनंद मोकळेपणाने घेता आला नाही, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यातून त्यांचे नाव कब्जेदाराच्या रकान्यात यायला बरीच वर्षे गेली. ते आल्यावरच त्यांनी त्या बांधावर पहिली हापूसची कलमे लावली.

मधल्या काही घटना झपाट्याने सांगता येतील, कारण आजोबांकडे त्या तशाच पोहोचल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जानेवारी १९५६मध्ये मुंबईत गोळीबार झाले तेव्हा गिरणगावात राहणाऱ्या आपल्या माणसाची खुशाली कळेपर्यंत गावात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि त्या दिवसांत मनीऑर्डरीपेक्षा पंधरा शब्दांच्या पोस्टकार्डाची किंमत अधिक होती. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले, त्याचा दाखला म्हणजे पत्त्याखाली ‘मुंबई राज्य’ लिहिण्याची सवय हळूहळू मोडली. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला; आमच्याकडे त्याचा पहिला अर्थ असा, की सीमेपलीकडे दिलेल्या लेकींना भेटायला जाणे पुन्हा सोपे झाले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घराची कौले सरकली, आणि आजोबा अंगणात धावले ते पोस्टाची पेटी उचलून; मुलांना आजीने बाहेर काढले. यावरून आजीने त्यांना पुढची तीस वर्षे टोमणे मारले, आणि माझ्या मते ते रास्त होते.

१९७१ सालची एक गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. पूर्व पाकिस्तानातून लाखोंच्या संख्येने निर्वासित भारतात आले, तेव्हा त्यांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार लावला. आधी नेहमीच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रेफ्युजी रिलीफ’ असा छाप मारलेला असे, पुढे निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट निघाले, आणि हा आकार मार्च १९७३अखेरपर्यंत चालू राहिला. युद्ध डिसेंबरात दोन आठवड्यांत संपले. तिकीट मात्र सव्वा वर्षाहून अधिक काळ लागत राहिले. बंगाल कुठे आहे हे ज्यांना सांगता आले नसते अशी माणसे आजोबांच्या ओसरीवर येऊन पाच पैसे अधिक मोजत होती. काही जण कुरकुरत, कारण १९७२चे साल दुष्काळाचे होते. घाटावर भीषण परिस्थिती होती आणि महागाई कोकणालाही चटके देत होती. ‘आमका कोण देता?’ हा प्रश्न तेव्हा ओसरीवर विचारला गेला असणार, नव्हे, तो विचारला गेल्याचे आजोबाच सांगत. त्यावर त्यांनी काय उत्तर दिले असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “उत्तर कसले देतोस? तिकीट लावले.” परदेशातल्या युद्धाचा, निर्वासितांचा आणि आमच्या गावाचा संबंध जोडणारा जो काही धागा होता तो तिकिटाच्या मागच्या डिंकाएवढाच होता, पण तो खरोखरीचा होता आणि त्यासाठी प्रत्येकाने खिशातून पैसे मोजले होते.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ला, पिनकोड आला. सहा आकड्यांचा हा क्रमांक लोकांच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागला. आजोबांना मात्र तो मनापासून आवडला. आमचा कोड ४१६ने सुरू होतो आणि कोल्हापूरचाही; डोंगर मध्ये असूनही टपालाच्या लेखी आपण घाटावरच्यांचे शेजारी आहोत, याची त्यांना मौज वाटे. मुंबईचे जुने विभाग-क्रमांक नव्या कोडच्या शेपटाला तसेच राहिले होते. ‘मुंबई १२’चे ४००००१२ असे कुणी एक शून्य जास्त घालून लिहिले, तर आजोबा ते पत्र पुढ्यात ठेवून ४०००१२ असे दुरुस्त करायला लावीत. लालबाग-परळच्या चाळींची नावे, खोल्यांचे क्रमांक, कुठल्या चाळीत आपल्या वाडीची किती माणसे राहतात हे सारे त्यांना तोंडपाठ होते. मुंबई त्यांनी तोपर्यंत पाहिलेली नव्हती.

आणीबाणीबद्दल त्यांनी फारसे काही सांगितले नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. १९७७ सालची त्यांच्या दृष्टीने मोठी बातमी निराळीच होती. खात्याबाहेरचे टपाल कर्मचारी हे नागरी पद धारण करतात, त्यांना मनास येईल तेव्हा काढून टाकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी एप्रिलमध्ये दिला. पगार वाढला नाही, निवृत्तिवेतन मिळाले नाही, पण पंचवीसहून अधिक वर्षे काम केल्यानंतर आपण कोणीतरी आहोत हे देशाच्या वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले होते. जानेवारी १९७८मध्ये एक हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा गावात हशा पिकला, कारण तसली नोट कुणाच्या बापजन्मात पाहिलेली नव्हती.

मग १९८२ आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ, बोनस, बदली, म्हणजे कायम नसलेल्या, कामगारांचा प्रश्न आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, हे त्याचे विषय. या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे: गिरण्यांची जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीच्या किमती, सरकारचा ताठरपणा आणि नेतृत्वाचा हट्ट. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला हा संप दिसला तो डाकघराच्या पेटीतून. जानेवारीचा पगार फेब्रुवारीत आला नाही, तेव्हा कुणाला फारसे नवल वाटले नाही. संप आधीही झाले होते आणि महिन्या-दोन महिन्यांत मिटले होते. शिमग्याला पुष्कळ चाकरमानी एकदमच आले आणि परत गेले नाहीत. मे महिन्यात आंबे-फणस होते, घर शाकारणी होती, माणसे कामात होती. आषाढात मात्र ओसरीवर येणाऱ्या बायका बदलल्या. पूर्वी त्या पैसे आले का हे विचारायला येत. आता त्या बचत खात्यातली पुस्तके घेऊन पैसे काढायला येऊ लागल्या. मनीऑर्डरी देण्यासाठी वरच्या डाकघरातून रोकड मागवावी लागे, तीच रोकड आता लोकांचीच शिल्लक त्यांना परत करण्यासाठी मागवावी लागत होती. पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी साठवलेली खाती महिन्याभरात तळाला गेली.

आणि त्या पावसाळ्यात आजोबांनी एक गोष्ट केली जी त्यांनी नोकरीत क्वचितच केली होती: त्यांनी गावातून मुंबईला जाणाऱ्या मनीऑर्डरी घेतल्या. संपात उरलेल्या नवऱ्यासाठी, भाड्याच्या खोलीसाठी, मुलाच्या फीसाठी कुणी बकरी विकून, कुणी नथ गहाण टाकून वीस-तीस रुपये लालबागला पाठवीत होते. एसटीच्या टपावरून तांदळाची बोचकी जात होती ती वेगळीच. पैशाची दिशा उलटली, हे वाक्य मी आज लिहितो. आजोबांनी त्या वेळी फक्त फॉर्म भरताना ‘पाठवणाऱ्याचे नाव’ आणि ‘घेणाऱ्याचे नाव’ या दोन ओळी सवयीने उलट भरल्या आणि फॉर्म फाडावे लागले. खराब झालेल्या फॉर्मचा त्यांना फार मनस्ताप झाला होता. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. काही जणांना पुन्हा कामावर घेतले, पुष्कळांना नाही. डाकघरात मनीऑर्डरी हळूहळू परतल्या, पण त्यांचे पत्ते बदलले होते: लालबागच्या जागी विरार, नालासोपारा, डोंबिवली आले, आणि रकमेबरोबरच्या मजकुरात गिरणीऐवजी वॉचमनची पाळी, कुरिअरचे काम, हमाली असे शब्द येऊ लागले.

१९९२मध्ये, पासष्ट पूर्ण झाल्यावर, आजोबा निवृत्त झाले. हाती एकरकमी थोडी रक्कम आली. ती त्यांनी किसान विकास पत्रात घातली; १९८८मध्ये ही योजना आली तेव्हापासून साडेपाच वर्षांत दुप्पट होते असे सांगून त्यांनी ती गावभर विकली होती, तेव्हा स्वतःच्या शब्दावर भरवसा ठेवणे त्यांना भाग होते. रक्कम दुप्पट झाली ती १९९८मध्ये, आणि त्याच वर्षीच्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. त्या पैशातून त्यांनी विहिरीला पंप बसवला, आणि उरलेल्यातून माझ्याबरोबर रेल्वेने मुंबईला आले.

मला त्यांना राणीची बाग, गेटवे असे काही दाखवायचे होते. त्यांना लालबाग पाहायचे होते. आम्ही दिवसभर चाळी फिरलो. गिरण्यांची बहुतेक धुराडी थंड होती, काहींच्या आवारात नव्या इमारतींचे काम चालू होते, पण आजोबांचे लक्ष तिकडे नव्हते. ते प्रत्येक चाळीच्या फाटकावरचे नाव वाचत, मग स्वतःशी खोली नंबर पुटपुटत आणि मला सांगत, इथे आमच्या खालच्या वाडीचे अमुक, तिथे वरच्या वाडीचे तमुक. काही खोल्यांत ती माणसे अजून होती. त्यांनी चहा दिला, पाया पडले, गावच्या पावसाची चौकशी केली. बहुतेक ठिकाणी दुसरीच माणसे निघाली. संध्याकाळी परत येताना मी विचारले, कशी वाटली मुंबई? ते म्हणाले, चाळींचे नंबर क्रमाने नाहीत, बारा नंतर एकदम सतरा येतो आणि पंधरा मागच्या गल्लीत. इथल्या पोस्टमनाने चाळीस वर्षे आमच्या गावची पत्रे बिनचूक कशी पोहोचवली असतील, याचेच त्यांना आश्चर्य वाटत होते.